तिसरी ओळ

बुधवार, ५ मार्च २०२५ (राखेचा बुधवार)

कपाळावरची राख पुसावी की राहू द्यावी, या विचारात रिक्षानं पुंडलिकनगरपर्यंत आले, तोवर घामानं ती आपोआप निघून गेली.

यंदा उपवासकाळात चहा सोडायचा नाही. गेल्या वर्षी सोडला, तर ह्यांनी तिसऱ्याच दिवशी पाळकसाहेबांना फोन करून माझ्यासाठी सवलत मागितली होती. पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, हिमांशू. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे, पण बोलतात नेटकं. आज म्हणाले, चाळीस दिवस काही सोडण्यापेक्षा काही अंगावर घाला. दया, ममता, लीनता, सौम्यता, सहनशीलता आणि क्षमा हे कपडे समजा आणि सगळ्यांवरून प्रीतीचा कमरबंद बांधा. कमरबंद नसला की बाकीचे कपडे पायात येतात, माणूस आपटतो.

चौतीस वर्षं गणित शिकवल्यामुळे मला त्यात लगेच वेळापत्रक दिसलं. सद्‌गुण सहा आणि आठवडेही सहा. घरी येऊन पट्टीनं तक्ता आखला. रोज रात्री जेवणाआधी बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. प्रीती ईस्टरच्या रकान्यात टाकली आहे. बाकीचे सहा झाले की ती एका दिवसात उरकेल.

हे म्हणाले, "परीक्षा कुणाची घेणार आहेस?"

"माझी स्वतःची."

"नाही, पण पेपर कुणावर सोडवणार?"

त्याचं उत्तर मला तक्ता आखतानाच सुचलं होतं. आशाबाई.

रविवार, ९ मार्च

आशाबाईबद्दल एकदा नीट लिहून काढते, म्हणजे मन मोकळं होईल.

आमच्या क्वायरमध्ये अकरा जण आहेत. मी पुढे, हे पेटीवर, आणि माझ्या डाव्या हाताला आशाबाई. मूळची पाचोडची. शहागंजात कोथिंबीर आणि लिंबं विकते. दिवसभर ओरडून ओरडून गळा असा झालाय की चर्चला माइक नसला तरी चालेल. गाणं ओढते. सगळे पुढच्या ओळीवर गेले तरी ही अजून मागच्या शब्दाला धरून बसलेली.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण पप्पांच्या गाण्याचं काय करू? पप्पा प्रचारक होते, सायकलवरून गावोगाव हिंडायचे. त्यांनी रचलेलं गाणं आम्ही दर ईस्टरच्या पहाटे छावणीतल्या कबरस्थानात म्हणतो, 'सरला दगड, उजाडलं गं बाई'. पहिल्या दोन ओळी सरळ आहेत. तिसरी, 'जागा रिकामी, जागा रिकामी', एकदम वरच्या सा ला जाते. ती मी सोळाव्या वर्षापासून म्हणते आहे. आणि गेली दोन-तीन वर्षं आशाबाई पहिल्या दोन ओळी गुपचूप म्हणते आणि मी तिसरीत शिरले की नेमकी तिथंच गळा काढते. माझा आवाज कुणाला ऐकूच जात नाही.

पप्पांना जाऊन यंदा पंचवीस वर्षं होतील. त्यांची कबर तिथंच आहे, आंब्याच्या झाडाखाली. या एका वर्षी तरी त्यांची तिसरी ओळ त्यांच्या मुलीच्या आवाजात स्वच्छ ऐकू यावी, एवढंच मला हवं आहे. देवाकडे मागण्यासारखं आहे की नाही, माहीत नाही. मागितलं आहे.

मंगळवार, ११ मार्च

दयेचा आठवडा. आशाबाईसाठी ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन गेले. म्हटलं, "तुमच्या घशाला किती ताण पडतो. चघळा, आणि थोडं हळू म्हणत चला."

तिनं एका काडीचे दोन तुकडे केले. मोठा मला दिला. म्हणाली, "तुमीबी चघळा, बाई. लई गुण येतो."

माझ्या घशाला काय धाड भरली आहे? पण दयेचा आठवडा असल्यामुळे चघळली. तक्त्यात बरोबरची खूण केली.

रविवार, १६ मार्च

आमच्यात संस्कृती म्हणून पॉलिटेक्निकची एक मुलगी आहे, आवाज गोड आहे. तिनं आजची तालीम मोबाइलवर रेकॉर्ड केली. मी म्हटलं, लाव बघू, तिसरी ओळ कशी येते ते कळेल. ती आधी ह्यांच्याकडे बघायला लागली आणि मग म्हणाली, "मॅडम, डिलीट झालं."

आजकालच्या मुलांना एक काम धड येत नाही. हे पेटीचा भाता उगाच फडक्यानं पुसत बसले होते.

येताना ह्यांना म्हटलं, "आपली पेटी बदलायला झाली आहे. आवाज जड येतो, पूर्वीसारखा चढा वाटत नाही."

"जुनी झाली आहे," हे म्हणाले. "पण सूर सोडत नाही."

गुरुवार, २७ मार्च

लीनतेचा आठवडा. हा मला सोपा जाईल असं वाटलं होतं.

पाळकसाहेबांना म्हटलं, "मी काय कायमची पुढे उभी राहणार नाही. पाहिजे तर तिसरी ओळ यंदा एखाद्या तरुण मुलीला द्या." असं म्हटल्यावर समोरच्यानं काय म्हणायचं असतं, हे लहान मुलालाही कळतं. पाळकसाहेब म्हणाले, "फार चांगला विचार आहे, बाई. संस्कृतीला घेऊ या का?"

मी सांगितलं की तिची परीक्षा आहे, तिच्यावर ओझं नको.  पाळकसाहेबांनी चहा मागवला.

तक्त्यात आज काय खूण करावी, कळेना. अर्धी केली.

शनिवार, ५ एप्रिल

सौम्यतेच्या आठवड्याचा शेवटचा दिवस. काम झालं.

तालीम संपल्यावर आशाबाईला बाजूला घेतलं. आवाज इतका मऊ ठेवला की माझा मलाच ओळखू येईना. म्हटलं, "आशाबाई, रागावू नका. यंदाचं वर्ष माझ्या वडिलांचं आहे. ईस्टरपर्यंत तुम्ही घशाला आराम द्या. त्या दिवशी मंडळीत बसून ऐका. पुढच्या रविवारपासून पुन्हा या."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "मी नसले तर बाई, ती तिसरी वळ..."

"तिसऱ्या ओळीचं मी बघते."

"व्हय," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "पानी कोमट पेत जा. आन फ्रिजातलं ताक नगं."

मी तिला क्वायरमधून काढते आहे आणि ती मला ताकाचं सांगते आहे. माणसाला कुठल्या वेळी काय बोलावं ते कळत नाही. बरोबरची खूण केली, जरा ठळक. रागाचा एकही शब्द निघाला नाही तोंडातून.

पण रात्रीची भाकरी काही गोड लागली नाही. ऊन फार आहे म्हणून असेल.

मंगळवार, ८ एप्रिल

डावीकडची जागा मोकळी होती. सरकून उभ्या राहा म्हटलं तर कुणी सरकलं नाही. तिथं आशाबाईची पिशवी असायची, तिच्यात सगळ्यांसाठी भाजलेले शेंगदाणे. आज मधल्या वेळेत सगळे पिशवी असायची तिथं बघत होते.

तिसऱ्या ओळीला ह्यांनी पेटी फार मोठ्यानं वाजवली. मी ओरडले. हे म्हणाले, "भाता घट्ट झालाय." सहनशीलतेचा आठवडा असल्यामुळे पुढे काही बोलले नाही.

रविवार, १३ एप्रिल (झावळ्यांचा रविवार)

हे लिहू नये असं वाटतंय. पण चाळीस दिवस खरं लिहायचं ठरवलं होतं.

उपासना झाल्यावर मंडळी आवारात चहा घेत होती. पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरचं गाणं एकदा सगळ्यांसमोर होऊ द्या. मुलांच्या हातात झावळ्या, म्हातारी माणसं खुर्च्यांवर. शेवटच्या खुर्चीवर आशाबाई, मांडीवर कुणाचं तरी बाळ. आजपासून क्षमेचा आठवडा, म्हणून मी तिला मनातल्या मनात सकाळीच क्षमा करून टाकली होती.

ह्यांना आधीच बजावलं होतं की पेटी हळू वाजवायची. त्यांनी हळू वाजवली.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीला मी वर गेले आणि माझा आवाज चिरकला. चिरकला म्हणजे फाटलाच, जुन्या चादरीसारखा. दुसऱ्या 'रिकामी'ला तर नुसती हवा आली. एक लहान पोरगा हसला, त्याला त्याच्या आईनं दाबलं. आणि तेवढ्यात मी बघितलं की आशाबाई खुर्चीतून अर्धी उठली होती. तोंड उघडलं होतं तिनं. मग माझ्याकडे बघून परत बसली.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "खरं सांगा."

हे पायातले मोजे काढत होते, काढतच राहिले.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं होत आली," हे म्हणाले. "आपण काळी चारमधून म्हणायचो. मी सूर उतरवत आधी काळी तीनवर आणला, मग काळी दोनवर. तुझ्या लक्षात आलं नाही. तरी तिसरी ओळ उरतेच."

"आणि आशाबाई?"

"तिनंच मला विचारलं होतं, तीन वर्षांपूर्वी. म्हणाली, भाऊ, बाईंचा गळा वर गेला की फाटतोय. मी तेवढ्या जागी रेटू का? मी म्हटलं, रेटा."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलं."

"हो," हे म्हणाले. "संस्कृती धरली तर तिघांनी. पाळकसाहेबांचं नक्की माहीत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आधी लाज वाटली म्हणून, मग राग आला म्हणून, आणि नंतर कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. हे दाराशी येऊन उभे राहिले आणि चहा टाकू का विचारत होते.

तक्ता उघडून बघितला. साडेपाच आठवड्यांत बत्तीस बरोबरच्या खुणा. प्रत्येक खुणेसमोर आशाबाई, आणि एकदाही मी तिला विचारलं नव्हतं की तुम्ही तिथंच मोठ्यानं का गाता.

मंगळवार, १५ एप्रिल

काल जयंतीच्या मिरवणुका होत्या, रस्ते बंद. ते निमित्त झालं. आज गेले.

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याअलीकडे तिची जागा. दोन क्रेट उलटे घातलेले, त्यावर ओलं पोतं, त्यावर जुड्या. "दहाला जुडी, दहाला," चाललं होतं. एक बाई विचारत होती, "खाला, कोथमीर ताजी है ना?" आणि आशाबाई सांगत होती, "सबेरेच आयी, बेटा, वास ले के देख."

मला बघितल्यावर तिनं एक क्रेट पदरानं पुसून पुढे सरकवला. मी बसले. घरून निघताना सगळं बोलणं जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"आशाबाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमचा गळा गेला म्हनून?" ती जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली. "आसं कोन सांगतं का, बाई? मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

"मी तुम्हाला काढलं. तेव्हा तरी सांगायचं."

"तवा तर आजाबात नाय. तवा सांगितलं आसतं तर तुमाला वाटलं आसतं, ही जागेसाठी बोलती."

 तिनं हात पोत्याला पुसले.

"बाई, मी पाचोडहून आले तवा मला एक अक्षर येत नव्हतं. आजून नाय येत. समदे पुस्तक उघडून गायचे आन मी नुसती उबी. तुमी माझ्या शेजारी येऊन उब्या राहिल्या. दर वळीच्या आदी ती वळ माझ्या कानात सांगायच्या. कुनाला कळू दिलं नाय की आशीला वाचता येत नाय. दोन वर्सं सांगत व्हत्या, मंग माजं समदं पाठ झालं. तवा मी विचारलं व्हतं का, मंडळीला का सांगितलं नाय म्हनून?"

मला हे आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. कधी तरी अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझ्याकडे तक्ता नव्हता, आणि तो कुठला सद्‌गुण म्हणून मी करत नव्हते. शेजारी एक बाई ओठ नुसते हलवत उभी होती, एवढंच.

"मला माफ करा," मी म्हटलं.

"कशापाई?" ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बरं, केलं. आता मिरच्या घ्या, चांगल्या तिकट हायेत."

पैसे काढताना पर्समधून तक्ता खाली पडला. दाखवायला म्हणून नेला होता, सगळं कबूल करायला. तिनं तो उचलला, उलटसुलट बघितला, पाव किलो मिरच्या त्यात घातल्या आणि झकास पुडी बांधली. मी तिच्या हातांकडे बघत बसले. त्या कागदाचा त्याहून बरा उपयोग मला सुचला नसता.

निघताना म्हटलं, "रविवारी तिसरी ओळ तुम्ही म्हणायची. काळी चारमध्ये."

"एकटी? नाय बा."

"मी शेजारी आहे ना."

गुरुवार, १७ एप्रिल

तालमीला आशाबाई आली. पिशवी आपल्या जागेवर. संस्कृतीनं शेंगदाण्यांचा पहिला घास घेऊन मग सलाम केला.

ह्यांनी तीन वर्षांनी काळी चार धरली. पेटी नवी वाटायला लागली. जुनी पेटी बिचारी उगाच बदनाम झाली होती. मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझा आवाज वर जात नाही, आता मी खालून म्हणणार. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. निदान थोडं दाखवायला हरकत नव्हती.

एक अडचण निघाली. तिसरं आणि चौथं कडवं आम्ही कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं, आणि पंचविसावं वर्ष म्हणून पाळकसाहेबांना पूर्ण गाणं हवं आहे. आशाबाईचा चेहरा उतरला. ती कडवी तिला पाठ नाहीत. बाकीच्यांनी वह्या उघडल्या.

मी तिच्या उजव्या कानाकडे सरकले आणि म्हटलं, "आधी मी, मग तुम्ही. पूर्वीसारखं."

रविवार, २० एप्रिल (ईस्टर)

साडेचारला उठलो. ह्यांनी पेटी रिक्षात मांडीवर घेतली, बाळासारखी. छावणीत पोचलो तेव्हा कबरींवर मेणबत्त्या लागल्या होत्या आणि लोक एकमेकांना हळू आवाजात "प्रभू उठला आहे" म्हणत होते. पप्पांच्या कबरीवर कुणीतरी आधीच येऊन कोथिंबिरीच्या जुडीला बांधतात तसल्या सुतळीनं झेंडू बांधून ठेवले होते. कुणी ठेवले ते मी विचारलं नाही.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, थोडं बोलले. कमरबंदाचं पुन्हा काढलं. मी या वेळी काही लिहून घेतलं नाही.

मग गाणं. पहिल्या दोन ओळी सगळ्यांनी म्हटल्या. तिसरीला मी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा पप्पांची तिसरी ओळ मी बाहेरून ऐकली. आशाबाई सरळ वर गेली, बाजारात हाक मारावी तशी, कसलाही आडपडदा न ठेवता. 'जागा रिकामी, जागा रिकामी'. आंब्यावरचे कावळे उडाले. शेवटच्या कबरीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. माझा हात तिच्या हातात कधी गेला, कळलं नाही. तिचे तळवे खरखरीत आहेत आणि त्यांना कोथिंबिरीचा वास येतो.

तिसऱ्या कडव्यापासून मी तिच्या कानात ओळी सांगायला लागले. शब्द माझे, गळा तिचा. एकदा मीच एक शब्द विसरले, तर तिनं "आं आं" करून वेळ मारून नेली. मागच्या रांगेतल्या एका म्हातारबांनी नंतर माझ्याजवळ येऊन सांगितलं, "सुलेखाबाई, तुमचा आवाज अजून आहे हो तसाच." आशाबाई शेजारीच होती. म्हणाली, "व्हय तर."

पप्पांना ओळ स्वच्छ ऐकू गेली का? प्रामाणिकपणे लिहायचं तर नाही. आशाबाईनं दुसरं कडवं ओढलं. चौथंही ओढलं. शेवटच्या ओळीला तर तिनं 'उजाडलं' हा शब्द असा धरून ठेवला की खरंच उजाडेपर्यंत सोडणार नाही असं वाटलं. हे मी चौतीस वर्षं वर्गात कुणाचं खपवून घेतलं नव्हतं. आज बघते तर मीही तिच्याबरोबर ओढत होते, आणि हे पेटीवर बोट दाबून आम्हा दोघींसाठी थांबले होते.